हॉटेलचा रेट कमी कसा करून घ्यायचा आणि न भांडता तक्रार कशी करायची? मदत हवी आहे

मंडळी, प्रश्न दोन आहेत पण दुखणं एकच, मला मागायची भीड वाटते.

गेल्या महिन्यात एका साइटवरून तीन रात्रींचं बुकिंग केलं, पैसे आधीच भरलेले आणि कॅन्सल केलं तर काही परत नाही असलं स्वस्तातलं. रूम मिळाली नेमकी लिफ्टला चिकटून, दीड वाजेपर्यंत खडखड, त्यात एसी ठिबकतोय. बायको म्हणाली खाली फोन कर, मी म्हटलं जाऊ दे, आता झोपतील सगळे. (लिफ्ट झोपत नाही.) तिन्ही रात्री गप्प बसलो आणि चेकआउटला एकदम फुटलो, आवाज चढला, मागे रांग, आणि काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणते, सर पहिल्याच रात्री सांगितलं असतं तर रूम बदलून दिली असती. पैशांचं विचारलं तर ते साइटने घेतलेत, तिकडे बोला. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

आता पुन्हा जायचंय. थेट फोन करून रेट कमी मागतात का लोक? नेमकं बोलायचं काय? आणि तक्रार केली की भांडकुदळ गिऱ्हाईक म्हणून शिक्का बसतो का?

प्रतिसाद:
काही वर्षं फ्रंट डेस्कला काढलीत म्हणून सांगतो. साइटला हॉटेल बऱ्याचदा १५ ते २० टक्के कमिशन देतं, त्यामुळे थेट बुकिंगला थोडी जागा असते. कॉल सेंटरला नाही, त्या हॉटेलच्याच रिसेप्शनला फोन लावा, चेकआउट-चेकइनची गर्दी टाळून. 'कमी करा' नको. 'साइटवर याच तारखांना हीच रूम इतक्याला दिसतेय, थेट केलं तर काय देता येईल?' बास. रेट हलत नसेल तर नाश्ता किंवा उशिरा चेकआउट मागा, ते द्यायला सोपं असतं. आणि कॅन्सल करता येणारं बुकिंग घ्या, नंतर रेट पडला तर नवीन करून जुनं सोडता येतं.

तक्रारीचं म्हणाल तर रात्रपाळीच्या माणसाला पैसे परत द्यायचा अधिकार बहुतेक नसतो, रूम बदलायचा असतो. म्हणून त्याच्याकडे रूमच मागा, तेव्हाच, फोटो काढून. पैशांचं सकाळी ड्युटी मॅनेजरशी. आणि शिक्का ओरडणाऱ्यावर बसतो हो, सांगणाऱ्यावर नाही.

धागाकर्ता:
हे भारी आहे, धन्यवाद! पण हॉटेल फुल असेल तर?

प्रतिसाद:
मग म्हणा, सकाळी पहिली रिकामी होईल ती माझ्यासाठी ब्लॉक करा, आणि समोरच्याचं नाव लिहून ठेवा. पाळी बदलली की सगळे विसरतात, आम्हीसुद्धा विसरायचो.

धागाकर्ता:
नाव लिहून घेतो. फोन मात्र बायकोलाच करायला लावणार बहुतेक.