हॅरिमनमध्ये वाट चुकलो होतो, आता लेमन स्क्वीझरला जायचंय

रानभूल:
मागच्या ऑक्टोबरअखेर मी, नवरा आणि अकरा वर्षांची लेक न्यूयॉर्कच्या हॅरिमन स्टेट पार्कमध्ये गेलो होतो. ओकची पानं घोट्याच्या वर साचलेली. रामापो-डंडरबर्ग ट्रेलच्या, झाडांवर रंगवलेल्या खुणा म्हणजे पांढऱ्यावरचे लाल ठिपके बघत चाललो होतो, बोलण्याच्या नादात ते कधी दिसेनासे झाले कळलंच नाही. पायाखाली वाट तर होती! ती एका दलदलीत जाऊन संपली. फोनला रेंज नाही. सव्वा तास भटकलो. लेक रडली नाही, पण गाडीत बसेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. ते अजून मनातून जात नाही.

आता तीच म्हणतेय, लेमन स्क्वीझरमधून, म्हणजे तिथल्या कातळातल्या अरुंद फटीतून जायचं. मे महिन्यात न्यायचा विचार आहे. खुणा नीट वाचायच्या कशा? आणि ती फट तिला झेपेल का?

कातळवाट:
मी सहा वर्षं इथल्या एका वाटेची देखभाल करते, स्वयंसेवक म्हणून. फांद्या छाटायच्या, पुसट खुणा पुन्हा रंगवायच्या. म्हणून रंगवणाऱ्याच्या बाजूने सांगते.

तुम्ही गेलात ती बहुतेक हरणांची वाट असेल, आपल्याकडच्या ढोरवाटेसारखी. पानगळीत जमिनीवर विश्वास ठेवूच नका, झाडांकडे बघत चाला. एका खुणेपासून पुढची दिसावी असाच आमचा प्रयत्न असतो. दोनेक मिनिटं चालूनही खूण आली नाही तर तिथेच थांबा आणि मागे वळून बघा. उलट दिशेने येणाऱ्यांसाठीही खुणा असतात, मागच्या झाडावर ती दिसली तर तुम्ही वाटेवरच आहात. नाही दिसली तर आल्या पावली शेवटच्या खुणेपर्यंत परत जा. तिथे एकाने झाडापाशी उभं राहायचं आणि दुसऱ्याने हाकेच्या अंतरात पुढची खूण शोधायची. दोघांनी एकदम शोधायला निघायचं नाही.

एकावर एक दोन खुणा म्हणजे वळण. वरची ज्या बाजूला सरकलेली, तिकडे वळायचं. तीन खुणांचा त्रिकोण म्हणजे वाटेची सुरुवात किंवा शेवट. उघड्या कातळावर झाडंच नसतात, तिथे रंग दगडावर असतो आणि तोच पानांखाली झाकला जातो. लोक जास्त चुकतात ते अशाच जागी.

तुमच्यासाठी एल्क पेनच्या पार्किंगपासून निघणं उत्तम. जाताना अपालाचियन ट्रेल धरा : दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरे पट्टे. (या ट्रेलचा सगळ्यात पहिला तुकडा 1923 मध्ये याच बेअर माउंटन-हॅरिमनच्या जंगलात खुला झाला. लेकीला सांगा, पट्टे असेच जॉर्जियापासून मेनपर्यंत आहेत.) सुरुवातीची चढण दमवते, मग आयलंड पॉंड तळं, मग स्क्वीझर. परतताना आर्डन-शुअरब्रिज ट्रेल, पांढऱ्यावर लाल त्रिकोण. स्क्वीझरपाशी दोन्ही वाटा एकत्र येतात आणि लांबून दोन्ही खुणा पांढऱ्याच दिसतात. तिथून निघताना त्रिकोण दिसल्याशिवाय पाऊल उचलू नका.

फट अरुंद आणि कललेली आहे. सॅक काढून हातात घ्या, आडवं होऊन सरका. अकरा वर्षांच्या मुलीला तुमच्यापेक्षा सोपी जाईल. त्यानंतरच्या कातळटप्प्याला हात लावून चढावं लागतं. नको वाटलं तर बाजूने सोपी वाट आहे.

पाचोळा:
मे म्हणजे गोचिडी. या दिवसांत त्यांची पिल्लं खसखशीएवढी असतात आणि लाइम आजार बहुतेक वेळा त्यांच्याच चाव्यातून होतो. पँट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर गुडघ्यांमागे आणि केसांच्या मुळाशी नीट बघा. आणि कातळाच्या कपारीत न बघता हात घालू नका, इथे रॅटलस्नेक आहेत. दिसला तर लांबून वळसा घ्या, तो संरक्षित प्राणी आहे.

रानभूल:
परवा जाऊन आलो! लेक सगळ्यात पुढे, प्रत्येक खूण मोठ्याने मोजत. फटीतून ती सरसर गेली, नवऱ्याची छाती अडकली म्हणून त्याला श्वास सोडून सरकावं लागलं. परतताना त्रिकोण दिसेनासे झाले तेव्हा ती स्वतःच शेवटच्या झाडाला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तू शोध, मी इथून हाका मारते." पुढची खूण तीसेक पावलांवर होती, पण ते झाडच उन्मळून वाटेवर आडवं पडलंय आणि त्रिकोण खालच्या बाजूला गेलाय. हे कुणाला कळवायचं?

कातळवाट:
न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्सला. 1920 पासून ही वाटांची कामं त्यांचे स्वयंसेवक करतात. वाटेचं नाव, जवळची ठळक जागा आणि झाडाचा फोटो पाठवा. कळवणाऱ्यांत लेकीचंही नाव घाला.