'इफेक्टिव्ह कॉन्फिगरेशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

नमस्कार मंडळी. सॅन, म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज यांना जोडणारं खास नेटवर्क, त्यातले स्विच सांभाळायला नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी मराठीत एक छोटी पुस्तिका लिहिते आहे. फॅब्रिक (एकमेकांना जोडलेल्या स्विचचं जाळं), झोन (एकमेकांशी बोलायची मुभा असलेल्या उपकरणांचा गट), पोर्ट हे शब्द तसेच ठेवलेत, कारण कामावर सगळे तेच बोलतात. अडलंय ते ब्रोकेड स्विचवर चालणाऱ्या फॅब्रिक ओएस या प्रणालीमधल्या एका जोडीपाशी: डिफाइन्ड कॉन्फिगरेशन आणि इफेक्टिव्ह कॉन्फिगरेशन. सध्या 'परिभाषित रचना' आणि 'प्रभावी रचना' असं लिहिलंय, आणि एनेबलसाठी 'सक्षम करा'. मसुदा वाचणाऱ्या एका प्रशिक्षणार्थीने विचारलं, "प्रभावी म्हणजे जास्त वेगवान का?" याहून बरे शब्द सुचतील का?

प्रतिसाद

त्याचा प्रश्न रास्त आहे. मराठीत भाषण प्रभावी असतं, औषध प्रभावी असतं. 'अमुक तारखेपासून प्रभावी' ही हिंदीची धाटणी. आपल्याकडे शासन निर्णय अमलात येतो, कायदा लागू होतो. तुम्हाला हवा असलेला शब्द इथेच आहे, कारण स्विचवर नेमकं हेच घडतं. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली १५ जून २००५ रोजी. तो पूर्णपणे लागू झाला १२ ऑक्टोबरला. मधल्या काळात कायदा कागदावर होता, पण त्याच्या आधारे अर्ज करून माहिती मागता येत नव्हती.

आता झोनिंग बघा. तुम्ही नवा झोन तयार केला, त्यात सर्व्हरच्या एचबीएचा (सॅनला जोडणाऱ्या कार्डाचा) आणि स्टोरेजच्या पोर्टचा डब्ल्यूडब्ल्यूएन (त्या उपकरणाचा ओळख क्रमांक) घातला, तो झोन कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे झोनच्या संचात, जोडला. इथवर सगळं कच्च्या वहीत आहे. मन बदललं तर रद्द करता येतं. मग सीएफजी-सेव्ह ही आज्ञा दिली. झोन आता फॅब्रिकमधल्या सगळ्या स्विचच्या फ्लॅशमध्ये गेला, स्विच बंद होऊन चालू झाला तरी पुसला जाणार नाही. तरीही सर्व्हरला स्टोरेज दिसत नाही! कारण ही झाली फक्त नोंद. सीएफजी-एनेबल दिल्यावरच ती रचना लागू होते आणि कोणी कोणाशी बोलायचं हे स्विच त्यानुसार ठरवतो.

म्हणून माझं मत: डिफाइन्ड म्हणजे 'नोंदलेली रचना', इफेक्टिव्ह म्हणजे 'लागू रचना'. नोंदलेल्या रचना अनेक असू शकतात, लागू एका वेळी एकच. 'परिभाषित' हा शब्द भूमितीच्या पुस्तकात शोभतो. इथे कोणी कशाची व्याख्या करत नाहीये.

हा शब्दांचा कीस वाटेल, पण हा फरक चुकला की रात्री फोन येतात. "झोनिंग केलंय पण लन दिसत नाहीये" या तक्रारीत (लन म्हणजे स्टोरेजमधून सर्व्हरला दिलेला जागेचा तुकडा) मी सर्वांत आधी हेच तपासतो की झोन लागू रचनेत आहे का. असेल, तर मग स्टोरेजवरच्या मास्किंगकडे, म्हणजे कोणता लन कोणत्या सर्व्हरला दाखवायचा हे ठरवणाऱ्या नोंदीकडे, वळतो. सेव्ह करताना स्विच स्वतःही बजावतो: फक्त डिफाइन्ड कॉन्फिगरेशन जतन होईल, पुन्हा एनेबल करेपर्यंत बदल लागू होणार नाहीत. पुढे हो की नाही विचारतो, आणि नुसतं एंटर दाबलं तर उत्तर 'नाही' धरतो. ही सूचना तुमच्या पुस्तिकेत पूर्ण मराठीत द्या.

प्रतिसाद

मी सिस्कोच्या एमडीएस स्विचवर काम करते. आमच्याकडे ही जोडी 'फुल झोनसेट' आणि 'अ‍ॅक्टिव्ह झोनसेट' अशी आहे; झोनसेट म्हणजे झोनचा संच. 'सक्रिय' लिहिलं की कोणीतरी हालचाल करतंय असं वाटतं, त्यामुळे 'लागू' मलाही पटला. प्रत्येक व्हीसॅनमध्ये (स्विचवर आखलेल्या आभासी सॅनमध्ये) लागू झोनसेट एकच. आणि एक भर घालते: अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर लागू झोनसेट सगळ्या स्विचवर पसरतो, पण फुल झोनसेट आपोआप पसरत नाही, वेगळं सांगावं लागतं. त्यामुळे दुसऱ्या स्विचवरून बदल करायला गेलं तर तिथली नोंद जुनी निघू शकते. म्हणजे सिस्कोसाठी 'नोंदलेली' लिहाल तेव्हा 'कोणत्या स्विचवर नोंदलेली' हेही लिहावं लागेल.

लागू झोनसेटच्या यादीत ज्या सदस्यापुढे तारा (*) दिसतो तो फॅब्रिकमध्ये लॉगिन झालेला असतो. 'झोनमध्ये आहे' आणि 'हजर आहे' हे दोन वेगळे शब्दप्रयोग इथे फार उपयोगी पडतात. नाव यादीत असून तारा नसेल तर केबल, एसएफपी (पोर्टमध्ये बसवायचं, केबल जोडायचं मॉड्यूल) किंवा एचबीए बघायचं. झोनिंगला हात लावायचा नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचे आभार. 'नोंदलेली' आणि 'लागू' घेतले. पण मग एनेबल? पोर्ट-एनेबल, स्विच-एनेबल अशा आज्ञाही आहेत. सगळीकडे 'लागू करा' लिहिता येत नाही.

प्रतिसाद

नाहीच येणार. इंग्रजीत शब्द एक आहे म्हणून मराठीतही एकच हवा हा आग्रह सोडा. पोर्ट 'सुरू करा' आणि 'बंद करा', रचना 'लागू करा'. 'सक्षम करा' मराठी इंटरफेसमध्ये सर्रास दिसतं, पण पोर्ट सक्षम केला म्हणजे त्यात काहीतरी क्षमता वाढवली असा अर्थ लागतो. फोनवर कोणीही "तो पोर्ट सुरू कर" असंच म्हणतं.

तसाच फसवा शब्द 'सेगमेंट'. दोन स्विच जोडले आणि दोघांचा डोमेन आयडी (फॅब्रिकमधला स्विचचा क्रमांक) एकच निघाला, किंवा एकाच नावाच्या झोनमध्ये दोन्हीकडे वेगवेगळे सदस्य असले, तर फॅब्रिक एक होत नाही आणि त्या ई-पोर्टपुढे (स्विचला स्विच जोडणाऱ्या पोर्टपुढे) 'सेगमेंटेड' उमटतं. याला 'विभाजन' लिहू नका. विभाजन आपण ठरवून करतो. इथे तर दोन फॅब्रिक जुळलीच नाहीत. 'जुळले नाही: झोन विसंगत', 'जुळले नाही: स्विच क्रमांक एकच' असं कारणासकट लिहिलं तर वाचणाऱ्याला पुढे काय तपासायचं ते लगेच कळेल. डोमेन आयडीलाही सरळ 'स्विच क्रमांक' म्हणा, १ ते २३९. नुसतं 'डोमेन' वाचून नवखा माणूस वेबसाइटचा पत्ता शोधायला लागतो.

प्रश्नकर्ती

आणि एलियस, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएनला दिलेलं सोपं नाव? 'टोपणनाव' लिहिलं होतं.

प्रतिसाद

'उर्फ' चालेल. डब्ल्यूडब्ल्यूएन म्हणजे षोडशमान पद्धतीचे १६ अंक, दोन-दोनच्या आठ जोड्या; तो तोंडपाठ करायची अपेक्षा कोणाकडूनच नाही. पण टोपणनाव कोणीही काहीही ठेवतं, आणि इथे तर शिस्त हवी: सर्व्हरचं नाव, एचबीए कितवा, फॅब्रिक ए की बी. 'उर्फ' म्हटलं की सातबाऱ्यावर किंवा कोर्टाच्या कागदावर येतं तसं नोंदीतलं दुसरं नाव असा अर्थ पोचतो. मात्र आज्ञा लिहाल तिथे एलियसच ठेवा, कारण स्क्रीनवर तेच दिसणार आहे. 'उर्फ' समजावताना वापरा.