शब्दचर्चा : 'अंगठा' उठवायचा, द्यायचा, की 'येणारा'?

गेल्या महिन्यात आत्तीबरोबर रेशनला गेलो होतो. आत्तीनं निपाणीत चाळीस वर्षं विड्या वळल्या, बोटांच्या रेषा पार गुळगुळीत झाल्यात. मशीनवर तिनं उजवा अंगठा ठेवला, मग डावा, मग पदराला पुसून परत उजवा. दुकानदार म्हणाला, "अंगठा येईना की वो मावशी." परतताना आत्ती म्हणाली, "अंगठा हाय की माझ्या हाताला. येईना म्हंजे काय?"

तेव्हापासून हे क्रियापद डोक्यातून जात नाही.

आपल्याकडं अंगठा 'उठवतात', 'देतात', 'करतात'. जुन्या खरेदीखतांवर 'नि. डा. हा. अं.' असतं, निशाणी डाव्या हाताचा अंगठा, आणि खाली 'दस्तुर' म्हणून लिहिणाऱ्याचं नाव. या सगळ्यात करणारा माणूस आहे. रेशनच्या दुकानात मात्र अंगठा 'येतो', 'लागतो', 'जुळतो'. माणूस नुसता बाजूला उभा असतो आणि निवाडा मशीन देतं.

'निशाणी' हा शब्द अंगठ्याहून जुना. मराठेशाहीतल्या कागदांवर लिहिता न येणारा पाटील नांगर काढायचा, शेट्या, म्हणजे बाजारपेठेचा प्रमुख, तराजू. कागदावर माणसाचा धंदा उमटायचा. ठशांची चाल इंग्रजी अमदानीतली. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला. उद्या त्यानं 'सही माझी नव्हे' म्हणू नये, एवढाच हेतू. १८९७ ला कलकत्त्यात ठशांचं दफ्तर निघालं. त्याच साली सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ ठरवणारा) झाला, त्यात लिहिता न येणाऱ्याच्या 'सही'त निशाणीही धरली गेली. १८९९ मध्ये ठशांच्या जाणकाराचं मत पुराव्याच्या कायद्यात आलं. म्हणजे युक्ती आधी निघाली, कायदा मागून आला.

माझा प्रश्न : मशीनवरच्या अंगठ्याला 'सही' म्हणावं का? मला ते पटत नाही. सही म्हणजे 'कबूल'. मशीनला आत्तीची कबुली नको होती, ती आत्तीच आहे का, एवढंच बघायचं होतं.

निपाणीहून आलेलं उत्तर : आमच्या गल्लीत बायका दोन शब्द वेगळे ठेवतात. रेशनचा, पेन्शनचा तो 'थंब'. कागदावरचा तो 'अंगठा'. "थंब देऊन आले" म्हटलं तर कोण विचारत नाही. "अंगठा देऊन आले" म्हटलं की सगळं घर विचारतं, कशावर?

खानापूरहून आलेलं उत्तर : निपाणीच्या बायकांनी केलेला फरक कायद्यातही आहे. मी वकिली करतो म्हणून सांगतो. २०१६ च्या आधार कायद्यात ठसा जुळवण्याला 'ऑथेंटिकेशन' म्हटलंय, सरकारी मराठीत 'अधिप्रमाणन' (हा शब्द मी अशिलासमोर कधी वापरू शकलो नाही, 'ओळख पटवणं' म्हणतो). पण कलम ८ प्रमाणे ती माहिती घेण्याआधी माणसाची संमती घ्यायची असते, आणि ती कशाला वापरणार हेही सांगायचं असतं. ओळख एक, संमती दुसरी. दुकानात दोन्ही एकाच दाबात उरकतात. याच आधारच्या वादातून २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. अर्ज केला होता के. एस. पुट्टस्वामी यांनी, आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती.

पुन्हा मी : निपाणीच्या 'कशावर?'मध्ये सगळं आलं. आता 'कन्सेंट'ला मराठीत काय म्हणायचं? 'परवानगी' वरचा खालच्याला देतो. 'कबुली' गुन्ह्याला चिकटली. 'संमती' चालेल, पण आपल्या दस्तांत त्याहून नेमकं लिहिलेलं आहे : 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले'. २०२३ चा व्यक्तिगत माहितीचा कायदा संमती कशी हवी ते सांगतो : मोकळी, समजून दिलेली, बिनशर्त, निःसंदिग्ध. पहिलं राजीखुशीत बसतं, दुसरं अक्कलहुशारीत. सरकारी सवलतींसाठी त्याच कायद्यात कलम ७ ची वेगळी वाट ठेवलीय, त्यामुळं रेशनच्या थंबला हे सगळं जसंच्या तसं लागेल असं मी म्हणत नाही. पण बँकेचं, कर्जाचं अ‍ॅप तर आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

आणि आपल्या भागासाठी महत्त्वाचं : संमतीची विचारणा इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या (भाषांच्या यादीतल्या) कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल, असं हा कायदा म्हणतो. मराठी त्या यादीत आहे, आणि यादी राज्य बघत नाही. बेळगावात बसून मराठीत मागता येईल. मग ती मराठी 'अधिप्रमाणनार्थ अनुमती' अशी येऊ नये, यासाठी शब्द आपणच आधी ठरवायला हवेत.

'अंगठा ठेवा'च्या वर एक ओळ असावी, कशासाठी ते सांगणारी. मी दोन सुचवतो : 'ओळख पटवण्यासाठी' आणि 'कबूल असल्यास'. आत्तीला दोन्ही वाचून दाखवल्या. पहिली लगेच कळली. दुसरीवर तिनं विचारलं, "आनि कबूल नसलं तर कुठं दाबायचं?" त्याची ओळ अजून कुणी लिहिलेली नाही, सुचवा.