हॉलमध्ये एक भिंत वेगळी हवीच का?

रंकाळाकाठ
फ्लॅटचा ताबा मिळाला की आमच्याकडे कोल्हापुरात पहिली चर्चा टीव्हीमागच्या भिंतीची. टेक्स्चर, वॉलपेपर, उभ्या पट्ट्यांचं लूव्हर पॅनेल की वरून दगड चिकटवून केलेलं क्लॅडिंग? माझं स्पष्ट मत: दहा बाय बारा फुटांच्या हॉलमध्ये हा खर्च करू नये. त्याच पैशात चारही भिंती घासून, पुट्टीचे दोन हात, प्रायमर आणि चांगला रंग होतो. भिंतीवर काही हवंच असेल तर एक मूळ चित्र घ्या. चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा तलाव रंगवला तो याच गावात, आणि इथल्या कलाशाळांतून आजही मुलं शिकून बाहेर पडतायत. त्यांच्यापैकी कुणाचं तरी घ्या. राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे संग्रहालयात पावडर शेडिंगची, म्हणजे कागदावर पावडर घासून छटा काढलेली चित्रं आहेत, ती बघून या. तेवढ्या नाजूक छटांशेजारी खडबडीत टेक्स्चर आलं तर चित्र मरतं.

सातवी_गल्ली
अजिबात पटलं नाही. बिल्डर सगळ्यांना एकच पांढरा रंग देतो आणि तुम्ही म्हणताय तसंच राहा! जुन्या घरांत देवळ्या होत्या, कोनाडे होते, सणाला चुना आणि गेरूचा पट्टा मारायचे. भिंतीला तोंडवळा होता. अंबाबाईचं देऊळ काळ्या दगडाचं. 1884 चा नवा राजवाडाही काळ्या घडीव दगडातच उभा आहे. तो दगड लहानपणापासून आपल्या नजरेत आहे. मी हॉलमध्ये एक भिंत त्याच दगडाची करणार, आणि त्याला कुणी दिखावा म्हटलं तर मला ते मान्य नाही.

नकाशा_आणि_ओळंबा
आवड तुमची, पण वजन बघा. 20 मिलिमीटर जाडीच्या काळ्या दगडाचं वजन चौरस मीटरला साधारण 55 ते 60 किलो. दहा बाय दहा फुटांची भिंत म्हणजे 500 किलोंच्या वर. चार इंची विटांच्या पार्टिशनवर आणि वरच्या मजल्यावर हे नुसत्या चिकट मसाल्यानं लावू नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा, क्लॅम्प घ्या. पातळ कापाचा दगड मिळतो, तो परवडेल.
उजेडाचंही बघा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं आणि काळी भिंत आहे तो उजेडही गिळते. खिडकी असलेली भिंत गडद केली तर खिडकीचा उजेड डोळ्यात घुसतो. दारातून आत येताना समोर दिसणारी, खिडकीच्या भिंतीला काटकोनात असलेली भिंत निवडावी. वरून पट्टीचे दिवे सोडणार असाल तर गिलावा आणि पुट्टी ओळंब्यात हवी. तिरक्या उजेडात प्रत्येक खळगा उठून दिसतो.

बावड्याचा_रंगारी
सगळे रंग आणि दगडावर बोलताय, ओलीवर कोण बोलत न्हाई. आपल्याकडं पाऊस वाऱ्यासंगं पश्चिमेकडनं मारतोय. पश्चिमेची बाहेरची भिंत असंल तर तिच्यावर वॉलपेपर लावू नका. आतनं बुरशी धरती, वास येतोय, आणि कागद निघंपर्यंत कुणाला कळतबी न्हाई. एमडीएफचं, म्हंजे लाकडाचा भुसा दाबून केलेलं पॅनेल पाणी पिऊन फुगतंय. आधी बाहेरच्या भेगा भरा, खिडकीच्या कडा बघा, मग आतली भिंत उन्हाळ्यात वाळू द्या. नवा गिलावा असंल तर त्याला महिनाभर तरी द्यायला पाहिजे. टेक्स्चरमध्ये मला पैसे जास्त मिळत्यात, तरीबी सांगतो: ओल्या भिंतीवर काय लावाल त्याचे पोपडे निघणार.

शाहूपुरी_तळमजला
रंगारीदादांचं खरं आहे. 2019 आणि 2021 ला ज्यांच्या घरात पुराचं पाणी आलं, त्यांनी जिप्सम आणि एमडीएफचा विचारच करू नये. सिमेंटचा गिलावा, खाली टाइल, वर धुता येणारा रंग. पाणी ओसरल्यावर घासून परत राहता येतं, आमच्यासाठी हेच महत्त्वाचं.

रंकाळाकाठ
म्हणजे दगडाला वजन, कागदाला बुरशी, पॅनेलला पाणी. माझ्याच बाजूचं बोलताय सगळे.

सातवी_गल्ली
नाही हो दादा. यात फक्त साहित्याच्या मर्यादा आल्या, वेगळी भिंत चुकीची आहे असं कुणी म्हटलेलं नाही. आतली कोरडी भिंत घ्या आणि नुसता रंग द्या. दहा बाय दहाला दोन लिटर इमल्शनमध्ये दोन हात होतात. मोरपंखी द्या, विटकरी द्या. नाही आवडला तर पुढच्या दिवाळीला बदला. एवढ्यानं कुणाचं घर बुडत नाही, आणि ज्याला मोठं चित्र परवडत नाही त्याच्याही घराला रंग येतो.

नकाशा_आणि_ओळंबा
यावर मी सातवी गल्लीच्या बाजूनं. फक्त त्या भिंतीवर स्विचबोर्ड, एसी आणि कॅलेंडर यांची गर्दी करू नका. वायरिंग आधी हलवून घ्या, रंगानंतर भिंत फोडायची वेळ येते.

रंकाळाकाठ
रंगापुरतं मान्य. पण मोरपंखी भिंतीवर निसर्गचित्र लावणार असाल तर फ्रेमच्या आत चित्राभोवती रुंद पांढरा माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट घ्या, नाहीतर चित्रातलं आभाळ मळकं दिसेल. माझ्या हॉलच्या चारही भिंती फिक्याच राहतील.

बावड्याचा_रंगारी
काम काढायचं असंल तर मेच्या आत काढा. जूनमध्ये बोलावलं तर मी पुट्टी लावणार न्हाई.