अल्झायमरच्या माणसाला अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या: उपयोग, की नुसता खर्च?

घाणेवाला परभणी
आमच्या बाईला (आईला आम्ही बाईच म्हणतो) दीड वर्षापूर्वी अल्झायमरचं निदान झालं. वय ७४. स्वतःच्या वाड्यात बसून "घरी कधी जायचं रे?" विचारते. डॉक्टरांनी दिलेलं औषध चालू आहेच. त्याशिवाय ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचे तीन डबे सुरू झाले, महिन्याला २,८०० रुपयांचे. डब्यावर लिहिलंय, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसपासून मेंदूच्या पेशींचं संरक्षण. मागच्या महिन्यात मी ते बंद केले. धाकटा भाऊ पुण्यात असतो, तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही.

माझा लाकडी घाणा आहे. करडई, जवस, शेंगदाणा. तेल खवट कशानं होतं हे आम्हाला लहानपणापासून माहीत: हवा, ऊन आणि पिंपाला आतून लागलेला गंज. डब्यातल्या कागदावर तेच लिहिलंय, की ऑक्सिजनमुळे पेशीच्या आवरणातली चरबी बिघडते (हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस) आणि अँटिऑक्सिडंट ते रोखतं. ते मला पटलं. पण खवट तेलात ताजं तेल ओतलं तर ताजंही हातचं जातं. मेलेली पेशी गोळीनं कशी उठणार? माझं स्पष्ट मत आहे की हे डबे घेऊ नयेत आणि कुणाला सांगूही नयेत. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी कारणासकट लिहावं.

हळदकरी वसमत
भाऊ, डब्याचं मला माहीत नाही, पण सगळंच एका पारड्यात टाकू नका. हळद हेच अँटिऑक्सिडंट आहे आणि आपल्याकडं ती रोजच्या कालवणात आहे. हरियाणातल्या बल्लभगडला अमेरिकन आणि भारतीय डॉक्टरांनी मिळून पाहणी केली, तिथं अल्झायमर अमेरिकेतल्या गावांपेक्षा कितीतरी कमी निघाला. आमच्या आजीला नव्वदीत सगळ्या लेकी-सुनांच्या बाळंतपणाच्या तिथी पाठ होत्या. गोळी नको तर नको, पण बाईंना दुधात हळद द्या. तिच्यात मी पंचवीस वर्षं घातलीत, म्हणून बोलतोय.

रसायनवाल्या मॅडम, लातूर
घाणेवाले दादा, तुमचं तेलाचं उदाहरण तुम्हाला वाटतं त्याहून जास्त खरं आहे. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष अर्धाच आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो २० टक्के. पेशीतल्या तंतुकणिका तो जाळून ऊर्जा काढतात, आणि त्यात थोडा ऑक्सिजन अर्धवट राहून सुपरऑक्साइड हा घातक रेणू होतो. निरोगी पेशी त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करते आणि मग त्याचं पाणी. एंझाइम ही कामं अखंड करत असतात. त्या पेरॉक्साइडला मोकळं लोह भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो, आणि तो समोर येईल त्याला चावतो. तुमच्या पिंपाचा गंज तो हाच. करडईच्या तेलातल्या लिनोलिक आम्लात दोन दुहेरी बंध असतात (ऑक्सिजन त्यांच्याजवळच पकडतो), जवसाच्या मुख्य आम्लात तीन, म्हणून जवस लवकर खवटतं. मेंदूत भरपूर असणाऱ्या डीएचए या चरबीत सहा असतात. म्हणजे निसर्गानं सगळ्यात लवकर खवटणारं तेल सगळ्यात जास्त हवा लागणाऱ्या जागी ठेवलंय.

आता तुमच्याशी मतभेद कुठं आहे ते सांगते. तुम्ही धरून चाललात की हे नुकसान शेवटी होतं, पेशी मेल्यावर. २००१ मध्ये नुनोमुरा आणि सहकाऱ्यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा पेशीतल्या आरएनए या रेणूचं ऑक्सिडेशन (ऑक्सिजननं बिघडणं) आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात जास्त दिसलं आणि अमायलॉइड या मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाची पुटं वाढत गेली तसं ते कमी दिसलं. त्यामुळे "हा सगळा गोळीवाल्यांनी उठवलेला बाजार" असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. पेशींचं नुकसान खरं आहे, लवकर सुरू होतं, आणि अमायलॉइडशी त्याचं दोन्ही बाजूंनी देणंघेणं आहे.

हळदकरी भाऊ, बल्लभगडची पाहणी खरी आहे. पण तिथं ॲपोई-४ हा धोका वाढवणारा जनुकप्रकारही कमी आढळला, आणि हळद हे कारण आहे असं त्या पाहणीनं सिद्ध केलेलं नाही. हळदीतला मुख्य घटक कर्क्युमिन, तो पोटातून रक्तात जेमतेम उतरतो. अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांना २४ आठवडे दिवसाला २ किंवा ४ ग्रॅम देऊन पाहिलं, फायदा दिसला नाही. कालवणात हळद हवीच, औषध म्हणून तिच्यावर भिस्त नको.

गोदाकाठची सून, नांदेड
सगळ्यांचं वाचलं. आता माझं ऐका.

माझ्या सासऱ्यांना आमच्या न्यूरोलॉजिस्टनी स्वतः व्हिटॅमिन ई लिहून दिलं. ओळखीच्याच्या सांगण्यावरून नाही, रक्ताची तपासणी करून, इतर औषधं विचारून. मीही खूप वाचलं. २०१४ मध्ये अमेरिकेत ६१३ माजी सैनिकांवरचा अभ्यास आला. सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्यांना दिवसाला २,००० युनिट व्हिटॅमिन ई दिलं, तर कपडे घालणं, जेवणं, पैसे सांभाळणं या रोजच्या कामांतली घसरण वर्षाला १९ टक्क्यांनी मंदावली. सव्वादोन वर्षांत मिळून सहा महिन्यांचा फरक पडला.

सहा महिने! ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांना हे थोडे वाटतील. मामंजी आज स्वतःच्या हातानं धोतर नेसतात. ते ज्या दिवशी थांबेल, त्या दिवसापासून मला एक माणूस पूर्णवेळ लागेल, आणि त्यांची लाज वेगळीच. सहा महिने मिळत असतील तर मी का सोडू? घाणेवाले दादा, "डबे घेऊ नयेत आणि कुणाला सांगूही नयेत" असं सरसकट लिहिता तेव्हा माझ्यासारखीनं डॉक्टरचं ऐकून घेतलेलं औषधही फालतू ठरतं. ते मला मान्य नाही.

घाणेवाला परभणी
ताई, तुमचं दुखलं असेल तर वाईट वाटतं. डॉक्टरांनी तपासून दिलेल्या औषधाला मी बोललो नाही. माझे तीन डबे वेगळे होते. त्यात व्हिटॅमिन ई होतं, सी होतं, अल्फा लिपोइक आम्ल होतं, द्राक्षाच्या बियांचा अर्क होता, सगळं थोडंथोडं. मॅडम, ताई म्हणतात तो अभ्यास बरोबर आहे का? आणि असं सगळं एकत्र दिलं तर?

रसायनवाल्या मॅडम, लातूर
ताईंनी दिलेले आकडे बरोबर आहेत. पण त्याच अभ्यासात स्मरणशक्तीच्या चाचण्यांत ठळक फरक पडला नाही, फायदा रोजच्या कामांत दिसला. त्यातले जवळजवळ सगळे पुरुष होते. उलट २००५ मध्ये सौम्य विसराळूपणा असलेल्यांना तोच डोस तीन वर्षं दिला, तर अल्झायमरकडे जाण्याचं प्रमाण कमी झालं नाही. पुढं २०१७ मध्ये ७,५४० निरोगी वयस्कर पुरुषांवरच्या अभ्यासात व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम या खनिजानं डिमेन्शिया (बुद्धी आणि स्मरण ढासळणं, अल्झायमर त्याचाच एक प्रकार) टळला नाही.

एकत्र मिश्रणाचं विचारलंत. २०१२ मध्ये व्हिटॅमिन ई, सी आणि अल्फा लिपोइक आम्ल हे तिन्ही १६ आठवडे देऊन मणक्यातलं पाणी तपासलं. चरबी खवटल्याची जी खूण त्या पाण्यात सापडते, ती कमी झाली. म्हणजे गोळी पोहोचली, तिनं काम केलं. आणि त्याच गटाची मानसिक चाचणीतली घसरण औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेगानं झाली. हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मी कितीतरी वेळ तसाच धरून बसले होते. खूण सुधारली म्हणजे माणूस सुधारला असं नाही. पेशी थोडा ऑक्सिडेशनचा इशारा स्वतःच्या कामासाठीही वापरते, सगळंच पुसून टाकणं बरं नसावं, असं माझं मत आहे.

गोदाकाठची सून, नांदेड
मिश्रणाचं पटलं. व्हिटॅमिन ईचं नाही. तुम्ही सांगितलेले बाकीचे अभ्यास आजार होण्याआधीचे आहेत. मामंजींना आजार झालेला आहे.

सिस्टर, हिंगोली
ताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे, तरी एक सांगते. व्हिटॅमिन ईच्या मोठ्या डोसानं रक्त पातळ होतं. मामंजी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर रक्तस्राव होऊ शकतो. आणि दिवसाला ४०० युनिट बरीच वर्षं घेतलेल्या निरोगी पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला होता. डॉक्टर लक्ष ठेवायलेत म्हणता तर ठीक. दुकानातून आणून कुणी देऊ नये.

घाणेवाले भाऊ, तुम्ही २,८०० वाचवले ते कुठं घालायलात? मी वॉर्डात रोज बघते, की म्हातारं माणूस विसरायलंय म्हणून आणतात, पण बी-१२ कधी तपासलेलं नसतं, थायरॉइड तपासलेलं नसतं, बीपीची गोळी "बरं वाटलं" म्हणून सोडलेली असते. पडून डोक्याला मार लागला होता हे चौथ्या प्रश्नाला सांगतात. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं डिमेन्शियाचे १४ टाळता येणारे धोके मांडलेत: बीपी, साखर, तंबाखू, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, एकटेपणा, प्रदूषण वगैरे. ते सगळे आवरले तर जगातले ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतात. साखर, धूर आणि तंबाखू हेच पेशीतलं ऑक्सिडेशन वाढवतात. मॅडमच्या पिंपाच्या गंजाला हात घालायचा तर इथून घालावा. बाईंच्या वयाला ते उशिराचं असेल, तुमच्या वयाला नाही. तुम्ही तंबाखू मळता का?

बाईंचे कान तपासलेत का?

घाणेवाला परभणी
मळतो, सिस्टर. बी-१२ बघितलं होतं. कानाचं कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही लिहिल्यावर काल मी तिच्या डाव्या बाजूनं हाक मारली, तिनं बघितलं नाही. उजव्या बाजूनं मारली, लगेच म्हणाली, "काय रे?" इतके दिवस आम्ही डावीकडं बसून तिला जेवू घालायलोय आणि ती उत्तर देत नाही म्हणून काळजी करायलोय.

सोमवारी कानाच्या डॉक्टरकडं नेतो. मॅडम, डबे बंद ते बंदच. पण भावाला मी "हे सगळं थोतांड आहे" म्हणालो होतो, ते शब्द चुकीचे होते. आजाराचं कारण खरं आहे, इलाज कच्चा आहे, असं त्याला फोन करून सांगतो. ताई, तुमच्या मामंजींचं औषध मी त्या डब्यांत मोजत नाही.

हळदकरी वसमत
हळदीचं दूध मी सोडणार नाही, हे आधीच सांगतो.

गोदाकाठची सून, नांदेड
दादा, तीन डबे थांबवलेत हे डॉक्टरांना सांगितलंय का? सुरू केल्याचं सांगितलं नसेल तर तेही सांगा. आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता. मीही सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे मामंजींच्या रक्त पातळ करण्याच्या गोळीचं उद्या विचारणार आहे. व्हिटॅमिन ई मात्र चालू राहील.