हायकोर्टाचा घुमट आणि ०.१२५ ची ग्रिड: इतकं बारीक जायची गरज आहे का?

धरमपेठकर
आपल्या नागपूर खंडपीठाची इमारत (१९४० ची, दगडी, वर मोठा घुमट) क्वेक या १९९६ च्या नेमबाजीच्या संगणक-खेळासाठी ट्रेंचब्रूम या नकाशा-एडिटरमध्ये उभी करणाऱ्या पोरांनी फाइल दाखवली. घुमट ०.१२५ च्या ग्रिडवर (म्हणजे टोकं बसवायच्या चौकटी ०.१२५ युनिटच्या; युनिट हे खेळातलं माप), कंगोऱ्याच्या पट्ट्या अर्ध्या युनिटच्या. माझं मत ठाम आहे: सांगाडा ८ च्या खाली नको. फाइलमध्ये ब्रशची (नकाशा ज्या भरीव ठोकळ्यांनी बनतो त्यांची) टोकं नसतातच. प्रत्येक बाजूसाठी तीन बिंदू असतात, त्यांवरून पातळ्या बनतात आणि त्या छेदून कंपायलर (नकाशाची खेळता येणारी फाइल बनवणारा प्रोग्रॅम) टोकं काढतो. बाजू चिमुकली असली की ते तीन बिंदू एकमेकांना चिकटलेले, मग केसाएवढा फरकही पातळी कलती करतो. तिथूनच फटी आणि लीक (नकाशा बाहेरच्या पोकळीला उघडा पडणं) सुरू होतात.

अजनीवाला
भाऊ, हे १९९६ चं दुखणं झालं. तेव्हा आकडे पूर्णांकात लिहायची रीत होती. ०.१२५ म्हणजे एक अष्टमांश, बायनरीत तंतोतंत बसतो. ०.१ बसत नाही, ते वेगळं. नकाशाच्या मध्यापासून ४००० युनिट दूर गेलं तरी ३२ बिट फ्लोटची (अपूर्णांक साठवायच्या पद्धतीची) पायरी १/४०९६ इतकी बारीक राहते. आठच्या ग्रिडवर हायकोर्ट केलं तर ते गोडाऊन दिसेल ना!

महालची
दोघंही ग्रिडच्या आकड्यावर अडलात. घुमट बिघडतो तो वेगळ्याच कारणाने. वरचं आणि खालचं कडं वेगवेगळं स्नॅप केलं (ग्रिडवर ओढून बसवलं) की समोरासमोरच्या कडा समांतर राहत नाहीत, आणि चार टोकं एका पातळीत बसत नाहीत. टोकं ग्रिडवर असली तरीही.

६४ रुंदीचं बारा बाजूंचं कडं असं घ्या: मध्यापासून (८,३२), (२४,२४), (३२,८), बाकी तीन बाजूंना आरशासारखं. वरचं कडं पाऊणपट करा: (६,२४), (१८,१८), (२४,६). त्यावरचं निम्मं: (४,१६), (१२,१२), (१६,४). कडा आपोआप समांतर, सगळं २ च्या ग्रिडवर. एडिटरमध्ये ३० अंश फिरवून काढलेला गोल असा कधीच बसणार नाही, त्यात वर्गमूळ ३ येतं.

धरमपेठकर
हे पटलं, पण हे २ वर थांबतं, अष्टमांशावर नाही. आणि पट्ट्यांचं काय? जगाच्या ब्रशमध्ये ठेवल्या तर प्रत्येक पट्टी बीएसपीचे (कंपायलर नकाशा ज्या भागांत कापतो त्यांचे) आणखी तुकडे पाडते, व्हिस (कुठून काय दिसतं ते मोजणारा टप्पा) लांबतो.

अजनीवाला
काहून जगात ठेवता? फंक-डिटेल (फक्त सजावटीचे ब्रश) करा, व्हिसला त्यांचा जाच नाही. खेळाडू अडकतो म्हणाल, तर इल्युजनरी डिटेल घ्या, त्याला टक्करच नाही.

धरमपेठकर
टक्कर गेली, उजेड राहिला. क्वेकचा लाइटमॅप (उजेड-सावलीचा थर) टेक्सचरच्या, म्हणजे भिंतीवर चिकटवलेल्या चित्राच्या, दर १६ टेक्सेलला (ठिपक्यांना) एक नमुना घेतो. अर्ध्या युनिटच्या पट्टीची स्वतःची सावली त्यात पडणारच नाही. तो कंगोरा टेक्सचरमध्येच रंगवा, तिथे सावलीही हाताने देता येते.

अजनीवाला
समोरून बघाल तोवर ठीक. जिना चढताना डोळा भिंतीला लागून जातो, तेव्हा रंगवलेला कंगोरा सपाट पडतो, आणि या नकाशात जिना तर मुख्य वाट आहे. २ युनिटच्या जाड पट्ट्या चालतील मला, पण भिंतीतून बाहेर आलेल्याच पाहिजेत.

महालची
२ च्या जाडीला माझी हरकत नाही. फक्त आधी पूर्ण कंपाइल करून लॉग (कंपायलरने लिहिलेली नोंद) बघा, मग कंगोरे लावा.