मदत हवी आहे: आंतरराष्ट्रीय कक्षाचा कार्यभार गळ्यात पडलाय, कुठून सुरुवात करू?

मुरमाड

नमस्कार मंडळी,

मी एका राज्य विद्यापीठात भूगोल शिकवते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील आणि गप्प बसतील अशी आशा. जूनमध्ये हातात आदेश पडला: 'पुढील आदेशापर्यंत संचालक, आंतरराष्ट्रीय संबंध कक्ष (अतिरिक्त कार्यभार)'. मदतीला एक अर्धवेळ लिपिक आणि परीक्षा विभागाशेजारची एक खोली, जिथे निम्मी जागा जुन्या उत्तरपत्रिकांनी अडवली आहे.

कपाट उघडलं तर परदेशी विद्यापीठांशी केलेले २३ सामंजस्य करार (एमओयू) निघाले. प्रत्येक फायलीत शाल-पुष्पगुच्छाचा फोटो. सगळ्यांना मेल पाठवल्या. ११ जशाच्या तशा परत आल्या, ९ जणांचं उत्तर नाही, दोघांनी 'असा करार आमच्याकडे सापडत नाही' असं अतिशय नम्रपणे कळवलं. एकच जिवंत निघाला, तोही एका निवृत्त सरांच्या वैयक्तिक ओळखीवर. आणि वरून निरोप असा, की नॅकच्या (विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या परिषदेच्या) तपासणीआधी दहा नवे एमओयू करा.

मला दहा नकोत, एक खरा हवा आहे. आमच्या विभागातल्या सहकाऱ्याचे जर्मनीतल्या एका प्राध्यापकांबरोबर भूजलावर दोन शोधनिबंध आहेत. तिकडच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयानेच विचारलंय: एका सत्रासाठी दोन विद्यार्थी तुमचे, दोन आमचे, इरॅस्मस प्लसमधून (युरोपीय संघाच्या देवाणघेवाणीच्या योजनेतून) अर्ज करू या का? त्यांनी इंग्रजीतली अभ्यासक्रमांची यादी, क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून ठरणारे श्रेयांक), राहण्याची सोय आणि संपर्काला एक ठरलेली व्यक्ती मागितली आहे. चारपैकी एकही गोष्ट आज माझ्याकडे नाही.

माझे प्रश्न: यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) परवानगी लागते का? क्रेडिट कसे जुळवायचे? पैसे कोण देतं? आणि त्यांची मुलं आमच्याकडे येऊन सहा महिने करतील काय? हा शेवटचा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही.

निवृत्त_कारकून

मॅडम, परवानगीचं मी सांगतो, ३१ वर्षं त्याच टेबलावर काढली आहेत.

यूजीसीचे २०२२ चे विनियम तीन गोष्टींसाठी आहेत: ट्विनिंग (एकच अभ्यासक्रम दोन विद्यापीठांत विभागलेला), संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी. नॅकचे किमान ३.०१ गुण, किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या १००मध्ये क्रमांक, किंवा 'इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स' दर्जा, यातलं काहीही एक तुमच्याकडे असेल आणि समोरचं विद्यापीठ क्यूएस किंवा टाइम्स या जागतिक क्रमवारीत पहिल्या ५००मध्ये असेल, तर यूजीसीची वेगळी मंजुरी लागत नाही. ५०० ते १००० मध्ये असेल तर अर्ज करावा लागतो. फ्रँचायझी पद्धत (परदेशी विद्यापीठाच्या नावावर इथे अभ्यासक्रम चालवणं) बंद. ऑनलाइन आणि दूरशिक्षणाला हे विनियम लागू नाहीत.

दोन मुलं एका सत्रासाठी जाऊन आली तर पदवी तुमचीच राहते, हे त्या तिन्हींत बसत नाही, म्हणून करारात 'विद्यार्थी-देवाणघेवाण' असंच लिहा. 'संयुक्त कार्यक्रम' हा शब्द चुकूनही घालू नका. लेखा विभाग त्या एका शब्दावर फाइल तीन महिने ठेवेल. मसुदा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मधल्या 'बोर्ड ऑफ नॅशनल अँड इंटरनॅशनल लिंकेजेस' पुढे ठेवा. हे मंडळ कायद्याने तुमच्याकडे आहेच, बहुतेक बैठक झाली नसेल. क्रेडिटचा भाग विद्यापरिषदेत, बाकीचा व्यवस्थापन परिषदेत. त्या बैठकीची तारीख कुलसचिव कार्यालयातून आजच काढा, नाहीतर सही व्हायला दिवाळी उजाडेल.

राईनकाठ

मी मूळचा साताऱ्याचा. जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात काम करतो, म्हणजे तुमच्या पत्रव्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला बसतो.

आधी एक कडू गोष्ट. 'आपल्या प्रतिष्ठित विद्यापीठाशी करार करण्यास उत्सुक आहोत, मसुदा सोबत जोडला आहे' अशा मेल आमच्याकडे आठवड्याला ढिगाने येतात. त्यात विषय नसतो, माणूस नसतो, तारीख नसते. आम्ही त्या उघडतो आणि बंद करतो. तुमच्याकडे मात्र दोन शोधनिबंध आहेत आणि विचारणा आमच्या बाजूने आली आहे. अर्धी चढण चढून झाली, असं समजा.

पैसे: या प्रकारच्या इरॅस्मससाठी अर्ज युरोपातलंच विद्यापीठ करतं, तुम्हाला करताच येत नाही. मुदत साधारण फेब्रुवारीत असते. तुमचं काम म्हणजे त्यांना डिसेंबरपर्यंत मजकूर देणं: तुमच्या विद्यार्थ्यांना याचा काय उपयोग, निवड कशी करणार, आल्यावर क्रेडिट नक्की देणार का. मंजूर झालं तर प्रवासखर्च आणि दरमहा निर्वाहभत्ता मिळतो. पहिला विद्यार्थी विमानात बसायला दीड वर्ष लागतं. हे कुलगुरूंना आत्ताच सांगा.

शुल्कमाफीचं कलम दोन्ही बाजूंनी लिहून घ्या. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो पडतात, करारातून आलेल्यांना ते माफ असतात. आपल्याकडेही परदेशी विद्यार्थ्यांचं शुल्क कैक पट असतं. ते माफ करणारा ठराव नसेल तर आमचा विद्यार्थी तुमच्या खिडकीवर उभा राहील आणि खिडकीतला माणूस चलन फाडेल. असं झालेलं मी पाहिलं आहे.

क्रेडिट: इथे सत्राचे ३० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट), वर्षाचे ६०. एक ईसीटीएस म्हणजे वर्ग, वाचन, परीक्षा सगळं धरून २५ ते ३० तास. तुमच्याकडे सत्राला २० ते २२. म्हणजे ढोबळमानाने तुमचा एक क्रेडिट आमच्या दीड ईसीटीएसएवढा. गोंधळ होतो तो मुलगी ३० आकडा घेऊन परत आल्यावर. परीक्षा विभाग म्हणतो, आमच्याकडे ३० चा रकानाच नाही. म्हणून जाण्याआधी 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट' भरायचं: कोणता विषय कशाच्या बदल्यात, त्यावर विद्यार्थी, तुम्ही आणि आम्ही अशा तिघांच्या सह्या. गुणांचं रूपांतरही त्याच वेळी ठरवा. मुलीचं वर्ष वाया गेलं तर पुढच्या दहा वर्षांत तुमच्याकडून कुणी अर्ज करणार नाही.

आता तुमची झोप उडवणारा प्रश्न. खरं सांगतो, सहा महिन्यांसाठी आमची मुलं येणं अवघड आहे. आमचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, तुमचं जून-जुलैत. दोन्ही कधीच जुळत नाहीत. पण आमची व्याख्यानं फेब्रुवारीच्या मध्यात संपतात आणि पुढची एप्रिलच्या मध्यात सुरू होतात. मधले दोन महिने मुलं मोकळी असतात आणि तेव्हा तुमचं दुसरं सत्र चालू असतं! तीन आठवड्यांची क्षेत्रशाळा काढा. माण-खटाव किंवा बीडकडचा दुष्काळी पट्टा, विहिरींची पातळी मोजणं, पाझर तलाव, टँकरच्या नोंदी, गावकऱ्यांच्या मुलाखती. तुमची दहा मुलं, आमची दहा. आमच्या भूगोलाच्या मुलांना बेसाल्टमधलं (काळ्या कातळातलं) पाणी कुठल्या वर्गात दाखवणार? तुमच्याकडे ते पायाखाली आहे. मार्चअखेरचं ऊन तेवढं टाळा.

शेवगा

राईनकाठ, प्रतिसाद वाचून खूण ठेवली.

पैसे मिळेपर्यंत फुकटातला उपाय: कॉइल, म्हणजे दोन देशांतल्या वर्गांनी ऑनलाइन एकत्र शिकणं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये त्याचं केंद्र काढलं. दोन देशांतले दोन शिक्षक आपापल्या विषयाचा एक तुकडा चार-सहा आठवडे एकत्र शिकवतात, मुलांचे मिश्र गट एक काम करतात. मी एका जपानी शिक्षिकेबरोबर केलं. त्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे आमच्या मुलांच्या परीक्षा आणि त्यांचा पहिला तास एकाच आठवड्यात आले. पण जमलं. जर्मनीबरोबर हिवाळ्यात तुमचे दुपारचे अडीच म्हणजे त्यांचे सकाळचे दहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, त्या आठवड्यात आमचा अख्खा वर्ग रिकाम्या पडद्याकडे बघत बसला होता.

तिकडचे शिक्षक इथे आणायचे असतील तर केंद्र सरकारच्या 'ज्ञान' (२०१५) आणि 'स्पार्क' (२०१८) योजना बघा.

गावकुसाबाहेर

एवढं कशाला? दुबईला दहा जणांचा दौरा काढा, दहा करार करून या. नॅक खूश, मंडळी खूश.

निवृत्त_कारकून

गावकुसाबाहेर, नॅकच्या रकान्यात आता 'कार्यरत' एमओयू असं लिहिलेलं असतं. वर्षनिहाय काय केलं ते मागतात. २३ फायलींचे फोटो लावून भागत नाही.

जुनी_पेठ

तुम्हा सगळ्यांच्या चर्चेत एक नाव आठवलं म्हणून लिहितो. हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतले गुंथर सोनथायमर. १९९२ मध्ये गेले. खंडोबा आणि धनगरांच्या ओव्या यांवर त्यांनी जे काम केलं ते वाड्यावस्त्यांवर, धनगरांबरोबर बसून. हायडेलबर्गचा महाराष्ट्राशी संबंध आज लोकांना आठवतो तो त्या माणसामुळे. मुरमाड, तुमच्या सहकाऱ्याचे जे दोन शोधनिबंध आहेत ना, त्यांना जपा. आणि ते सहकारी निवृत्त व्हायच्या आत दुसरा तरुण शिक्षक त्यात ओढा. तुमचा एकुलता जिवंत करार निवृत्त सरांचाच आहे, हे तुम्हीच लिहिलंय.

मुरमाड

सगळ्यांचे आभार. तीन दिवसांत झालेलं सांगते.

व्यवस्थापन परिषदेची तारीख मिळाली. क्षेत्रशाळेची कल्पना जर्मन प्राध्यापकांना कळवली, एका तासात उत्तर आलं, सोबत गेल्या वर्षीच्या त्यांच्या क्षेत्रभेटीचं वेळापत्रक. आमच्या चार विषयांची इंग्रजी माहिती सहायक प्राध्यापिकेने लिहायला घेतली आहे. जुनी_पेठ काका, दुसरा तरुण शिक्षक म्हणजे तीच. कुलगुरूंना 'दहा नाही, एक' हे अजून सांगितलेलं नाही. सोमवारी सांगणार आहे.

अडलंय वसतिगृहावर. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म (पूर्वीचा 'फॉर्म सी') सरकारकडे ऑनलाइन भरावा लागतो, हे रेक्टर मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, पासपोर्टची झेरॉक्स ठेवली की झालं ना? नाही झालं म्हटल्यावर म्हणाल्या, मग लॉगिन कोणाच्या नावाने काढायचं, रेक्टरच्या की कुलसचिवांच्या? माझी बदली झाली तर?

इथे कुणी विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी या फॉर्मचं लॉगिन काढलंय का? कोणाच्या नावाने काढलं, आणि माणूस बदलल्यावर काय केलं?